चार बोटांची पट्टी

दारामागच्या खिळ्याला टांगलेली, तळहाताएवढी, सागाची एक जुनी पट्टी म्हणजे मी. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेत तर फूटपट्टीचा तुकडा समजाल आणि माझ्यावर आकडे शोधाल. माझ्यावर आकडे नाहीत. तरी आगरदांड्याच्या अलीकडच्या आमच्या कोळीवाड्यात चाळीस वर्षे सगळे मला ‘अंबाजीचे माप’ म्हणत आले.

खाडीवरून वारा आला की मी भिंतीवर टकटक वाजते. पूर्वी त्या आवाजाकडे कोणाचे लक्ष नसे, माझेही नसे. आता मला स्वस्थ लटकता येत नाही. का ते सांगते.

पापलेटाचे जाळे हाताने विणताना दोरा माझ्या अंगाभोवती घ्यायचा, सुईने गाठ मारायची आणि फास माझ्यावरून सरकवून सोडून द्यायचा. मग पुढचा फास. मी जितकी रुंद, तितके जाळ्याचे भोक रुंद. त्या भोकाला आस म्हणतात. आसात मोठे पापलेट अडकते. लहान असेल ते आरपार निसटते आणि वाढायला परत समुद्रात जाते. म्हणजे कोणी अडकायचे आणि कोणी सुटायचे, हे माझ्या रुंदीवर ठरते. एवढ्याशा लाकडाला एवढा अधिकार! तो मी मागितला नव्हता.

पट्टी होण्याआधी मी वल्हे होते. अंबाजी खाडीच्या तोंडाशी वादळात सापडला तेव्हा खडकावर आपटून ते मधोमध मोडले. उरलेल्या अर्ध्या वल्ह्यावर तो कसाबसा काठाला आला. घरी आल्यावर म्हणाला, “ज्यानं जीव वाचवला ते चुलीत न्हाय घालायचं.” त्याने त्यातला एक तुकडा कापला आणि बाकीचा आढ्याखाली बांधून ठेवला. तुकडा घासायला त्याने मुशीचे, म्हणजे लहान शार्कचे, वाळलेले कातडे घेतले. मुशीचे कातडे इतके खरखरीत असते की पॉलिश पेपरची गरज पडत नाही. मग हाताची चार बोटे जोडून माझ्यावर आडवी ठेवली. बोटे आणि मी तंतोतंत एका रुंदीची झालो तेव्हा त्याचा हात थांबला.

“चार बोटं,” तो आपल्या मुलाला, सदाला, म्हणाला. “आसात चार बोटं शिरली पाहिजेत. एकदा तरी लेकुरवाळी झाल्याबिगर मासळी ताटात नको.”

पावसाळ्यात मासेमारी बंद होते आणि होड्या वर ओढून ठेवतात. त्यानंतर तिसऱ्या दिवशी सारा वाडा अंबाजीच्या ओटीवर जमायचा. प्रत्येकाच्या हातात आपापली पट्टी असायची, कोणाची बांबूची, कोणाची फणसाची. ती माझ्यावर ठेवून बघायची, कमीजास्त असेल तर तिथेच दुरुस्त करायची किंवा नवी करून घ्यायची, चहा प्यायचा आणि मग विणायला बसायचे. वाड्यातले एकही जाळे मला विचारल्याशिवाय पाण्यात पडत नसे. मला त्याचा गर्व होता. आज सांगताना लाज वाटते, पण होता.

अंबाजी गेला आणि मी सदाच्या हाती आले. सदाने माझ्यावर इतकी जाळी विणली की त्याचा हात न बघता चालायचा. त्याची बायको नलू मासळी विकायची. थोरली दिशा आणि धाकटा निकेश माझ्याशी खेळत मोठे झाले. दिशा मला कानाला लावून फोन करायची. तेव्हा घरात फोन नव्हता, नळ नव्हता, आणि संडासही नव्हता. पहाटे बायका किनाऱ्यावरच्या दगडांआड जायच्या. पुढे तिथून रस्ता गेला आणि गाड्यांचे दिवे थेट दगडांवर पडू लागले.

एक दिवस नलू सुपात सुकट पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, “पोर बारा वर्साची झाली. दगडाआड किती दिस न्यायची तिला?”

त्या पावसाळ्यात, घरात कोणी नसताना, सदाने मला खिळ्यावरून काढले आणि चाकूने माझी एक कड तासली. फार नाही, अर्ध्या बोटापेक्षा कमी. मग तासलेली कड भिंतीकडे वळवून मला परत टांगले.

त्या हंगामात जाळी जड आली. पापलेटे थोडी लहान होती, पण पुष्कळ होती. दिवाळीच्या सुमारास परसात संडास उभा राहिला. त्याला निळे दार होते. दिशाने त्या दाराची कडी पहिल्यांदा आतून लावली तो आवाज मी खिळ्यावरून ऐकला. मित्रांनो, त्या दाराचा मला आजही राग नाही. कोणाला येत असेल तर त्याने महिनाभर दगडाआड जाऊन पाहावे.

पण पुढच्या वर्षी वाडा जमला तेव्हा सदाचा मित्र बुधाजी आपली पट्टी माझ्यावर ठेवून म्हणाला, “सदा, तुझं माप बारीक झालंय का रं?”

“लाकूड हाय, झिजतं,” सदा म्हणाला आणि चहा ओतू लागला.

झिजले होते मी, पण तांदळाच्या दाण्याएवढी. बाकीचे चाकूने गेले होते. ओरडून सांगावे असे वाटले. लाकडाला तोंड नसते. बुधाजीने आपली पट्टी माझ्याबरहुकूम तासून घेतली. त्याच्यामागून इतरांनीही. अंबाजीच्या मापावर विश्वास ठेवायची इतक्या वर्षांची सवय, ती मोडणार कशी? एका घराची गरज दुपारच्या चहापर्यंत साऱ्या वाड्याचे माप होऊन बसली.

दुसऱ्यांदा चाकू लागला तो दिशा बारावी झाली तेव्हा. तिला पनवेलच्या कॉलेजात जायचे होते, वसतिगृहात राहायचे होते. सदाने मला मांडीवर घेतले आणि तासले. दिशा गेली, शिकली, पनवेललाच रक्त तपासायच्या लॅबमध्ये लागली. तिचे पहिले ओळखपत्र सदाने वाड्यात घरोघर दाखवले.

मासळी मात्र वर्षागणिक लहान होत गेली, आणि मग कमी होत गेली. ओटीवर बसून सदा कधी मोठ्या बोटींना बोल लावायचा, कधी दिवे लावून मासे ओढणाऱ्यांना, कधी नासलेल्या पाण्याला. त्यात खोटे काही नव्हते. पण पुरते खरेही नव्हते, आणि ते त्याला माहीत होते. बोलता बोलता त्याची नजर दारामागे यायची. मग तो उठून खाडीवर चालू लागायचा.

या वर्षी चैत्रात धक्क्यावर दोर ओढता ओढता तो छाती धरून बसला आणि पुन्हा उठला नाही.

दिशा आली, सगळे कार्य उरकून गेली, आणि होड्या वर ओढल्या तेव्हा रजा घेऊन पुन्हा आली. ती रडताना मला दिसली नाही. बाबांचा चष्मा कोनाड्यात होता. तो ती सकाळी पुसायची आणि होता तसाच ठेवायची. दुसऱ्या दिवशीही पुसायची.

वाडा जमायला एक दिवस उरला होता. निकेशने नवा दोरा आणला होता. त्याने मला खिळ्यावरून काढले, उलटसुलट केले आणि चाकू शोधू लागला.

“काय करतोस?” दिशाने विचारले.

“अजून दोन दोऱ्यांच्या जाडीएवढी तासतो. पापलेट येतं कुठं आता या आसाला? छपराचे पत्रे सडलेत, ताय. यंदा स्लॅब टाकायचाच.”

“ती बाबांची आहे. मला दे. मी पनवेलला नेते, जपून ठेवीन.”

“आणि जाळं कशावर विणू? तुझ्या मोबाइलवर?”

स्वयंपाकघरातून नलूचा आवाज आला. “भांडू नका रं. उद्या मानसं यायचीत, पट्टी खिळ्यालाच राहू दे.”

तरी दिशाने मला उचलले आणि परसातल्या विहिरीवर जाऊन बसली. पावसाला उघडीप होती. आमच्या विहिरीवर एक लाकडी चौकट आहे आणि तिच्यावर अंबाजीच्या हातचा जाळ्याचा जाड तुकडा ताणून बसवलेला आहे, नारळाच्या झावळ्या आत पडू नयेत म्हणून. चौकट दोनदा बदलली, पण जाळे बदलायला सदाने कोणाला हात लावू दिला नाही. “ते राहू दे,” एवढेच म्हणायचा.

लहानपणी बाबांनी शिकवलेले दिशाला आठवले असावे. पट्टी आसात कशी बसली पाहिजे? बोटात अंगठी बसते तशी, अडकत नाही आणि हलतही नाही. तिने मला विहिरीवरच्या जाळ्याच्या एका आसात सरकवले.

मी लगेच सैल पडले. तिने धरले नसते तर विहिरीत गेले असते.

तिने दुसरा आस पाहिला, मग तिसरा. प्रत्येकात माझ्या शेजारी तिच्या करंगळीचे टोक शिरत होते. मग तिने मला डोळ्यांजवळ धरले. माझी एक कड गोल, काळी, दोऱ्याच्या बारीक चऱ्या पडलेली. दुसरी सरळ, फिकी, तिच्यावर चाकूचे टप्पे. लॅबमध्ये थेंबाथेंबाचा हिशेब ठेवणाऱ्या मुलीला आणखी काय सांगायला हवे?

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. “आई, बाबांनी ही कधी तासली?”

नलू मच्छी साफ करत होती. तिचा हात थांबला नाही. “पयल्यांदा संडास बांधला तवा. दुसऱ्यांदा तू पनवेलला गेलीस तवा.”

“त्यांनी सांगितलं तुला?”

“मासळी विकणारीला सांगावं लागतं व्हय? टोपलीत दिसतं.”

दिशा उंबऱ्यावरच बसली. मी तिच्या मुठीत होते. मूठ इतकी घट्ट झाली की त्या जुन्या चऱ्या तिच्या तळव्यावर उमटल्या.

निकेश मागून आला. सगळे ऐकून आधी म्हणाला, “विहिरीवरला दोरा ताणला असंल इतक्या वर्सांत.” दिशाने त्याला माझी तासलेली कड दाखवली. तो हसला. ते हसू कडू होते.

“म्हंजे बाबांनी तासलं तर संसार, आणि मी तासलं तर पाप? तुला कॉलेज मिळालं, ताय. मला पत्र्यातनं गळणारं पाणी.”

दिशाने मान खाली घातली. “तुझं बरोबर आहे,” ती म्हणाली. “मी खाल्लं ते लहान पापलेट. पण मला कळलं आता. कळल्यावर उद्या हीच पट्टी लोकांपुढे ठेवू का?”

“मंग काय करशील? सांगशील सगळ्यांना?” नलूने आता सुरी खाली ठेवली. “गेलेल्या मानसाला चव्हाट्यावर आणशील? दोन महिनं झालं न्हाईत, पोरी.”

दिशाने कोनाड्यातला चष्मा घेतला. सकाळी एकदा पुसलेला तो परत पुसला.

मित्रांनो, त्या दिवसापर्यंत मला वाटे, चाकू हीच सर्वांत वाईट गोष्ट. पण त्याहून वाईट एक गोष्ट असते, मुकेपण. दिशा गप्प राहिली तर समुद्राचा घात, बोलली तर बाबांचा. तिच्या जागी मी असते तर काय केले असते, मला सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणसे आली. बुधाजी आला. स्वतःची नवी होडी असलेला गणराज आला. आणखी पाचजण आले. बसायच्या आधी प्रत्येकाने सदाच्या रिकाम्या जागेकडे पाहिले आणि ती सोडून बाजूला बसला. नलूने चहा ठेवला. बुधाजीने आपली बांबूची पट्टी काढली आणि सवयीने हात पुढे केला. “आन, सदाचं माप आन.”

दिशा परसातून आली. तिने विहिरीवरची चौकट उचलून आणली होती. ती तिने ओटीवर टेकवून उभी केली.

“बुधाजीकाका, यंदा पट्टीवर पट्टी ठेवायची नाही. हे आजोबांच्या हातचं जाळं. यात घालून बघा.”

बुधाजीने आपली पट्टी आसात घातली. ती पलीकडे खाली पडली. गणराजची प्लास्टिकच्या पिंपातून कापलेली पट्टी तर कडेला न लागताच आरपार गेली. एकामागून एक पट्ट्या ओटीवर पडत राहिल्या.

मग दिशाने मला आसात सोडले. मीही पडले.

“ही आमची,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “ही झिजली नाही. बाबांनी तासली, दोनदा. एकदा घरात संडास हवा होता म्हणून, एकदा मला शिकायचं होतं म्हणून. तुम्ही सगळ्यांनी तिच्यावरून मापं घेतलीत. हे तुम्हाला सांगायचं राहिलं त्यांचं.”

कोणी चहाला हात लावला नाही. नलू दारात उभी होती. ती पुढे आली आणि लेकीच्या शेजारी उभी राहिली. “एकट्या त्याचं न्हाय. मला ठावं व्हतं. ती बारकी मासळी मीच विकली.”

मग बुधाजी खाकरला.

“सद्या लेका,” तो त्या रिकाम्या जागेकडे बघून म्हणाला. “मी दरसाल इथनं नवी पट्टी करून न्यायचो आणि घरी जाऊन आणखी दोन दोरे तासायचो. म्हनायचो, सदाचं माप मोठं, सदाला परवडतं. मी तुला फशिवतोय म्हनून तुझ्याकडं बघायची लाज वाटायची मला.”

कोणीतरी हसले. मग दोघेतिघे हसले. निकेशही हसला, आणि हे हसू कालच्यासारखे नव्हते.

गणराज हसला नाही. “बोलाय सोपं हाय. चार बोटांचं जाळं टाकलं तर पयलं वरीस रिकामं जाईल. मंग काय, बायकांनी परत दगडाआड जायचं?”

“नाही,” दिशा म्हणाली. “दार राहू दे. माझ्या आईसाठी ते दार हवंच होतं, आणि मला कॉलेजही हवं होतं, मी खोटं कशाला बोलू? पण गणराजदादा, संडास बांधून सतरा वर्षं झाली. मला नोकरी लागून सात झाली. गरज भागली तेव्हा पट्टी परत रुंद कोणी केली?”

गणराजने आपली पट्टी खिशात घातली. “बघू पुढच्या वर्सी,” म्हणाला आणि चप्पल पायात सरकवून गेला. त्याच्यामागून आणखी दोघे गेले. मी हे लपवत नाही, कारण गोष्ट गोड करायला मला अंबाजीने घडवले नव्हते.

चारजण उरले. निकेश उठला, स्टुलावर चढला आणि आढ्याखाली बांधलेले ते अर्धे वल्हे सोडले. त्याच्यावर चाळीस वर्षांची धूळ होती. त्याने ओटीवरच करवत चालवली. आतून निघालेले लाकूड माझ्याच रंगाचे होते, माझ्या लहानपणीच्या रंगाचे. नलूने कोपऱ्यातल्या डब्यातून मुशीच्या कातड्याचा एक तुकडा काढून दिला. तो तिने कधीपासून ठेवला होता, कोणी विचारले नाही. निकेश घासत गेला, मधेच आपली चार बोटे ठेवून बघत गेला. बोटे आणि लाकूड एका रुंदीची झाली. त्याने नवी पट्टी विहिरीच्या जाळ्यात घातली. ती तिथेच राहिली. हलली नाही.

“पत्रे?” त्याने पट्टीकडे बघतच विचारले.

“पत्रे मी नवे आणते,” दिशा म्हणाली. “स्लॅब राहू दे.”

“आणि हंगामात टोपली हलकी आली तर?”

“शिव्या द्यायला फोन कर.”

“रोज करीन.”

“कर.”

बुधाजीने आपली बांबूची पट्टी चुलीकडे टाकायला हात उचलला आणि खाली घेतला. “ऱ्हाऊ दे,” म्हणाला. “नातवाला दाखवाया लागंल.”

संध्याकाळी दिशा पनवेलला निघाली. निकेशने मला हातात घेतले. “ताय, ही नेणार व्हतीस ना?”

तिने मला घेतले, दोऱ्याच्या चऱ्यांवरून अंगठा फिरवला आणि परत त्याच्या हातात दिले. “नव्या पट्टीच्या शेजारी टांग. तासलेली कड बाहेर ठेव.”

तेव्हापासून आम्ही दोघी एका खिळ्याला आहोत, चार बोटांची आणि साडेतीन बोटांची. येणाऱ्या-जाणाऱ्याला फरक दिसतो. यंदा टोपली कशी येईल, समुद्र आमची ही एवढीशी दुरुस्ती मानेल की नाही, निकेशचा धीर टिकेल का, मला माहीत नाही. समुद्र चार होड्यांचा नाही आणि आमच्या एका वाड्याचाही नाही. म्हणूनच तर जीव टांगणीला लागला आहे.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी पट्टी असेलच. ती लाकडाचीच असेल असे नाही. घरात काही हवे झाले की ती थोडी तासली जाते. कधी ते हवे असणे अगदी खरे असते, निळ्या दाराइतके खरे. तेव्हा तासणाऱ्याला दोष देऊ नका. पण गरज भागली की तिला परत जुन्या मापाशी न्यायला विसरू नका, आणि तासलेली कड भिंतीकडे करून टांगू नका.

वारा आला की हल्ली आम्ही दोघी एकमेकींवर आपटतो. काल नलू फोनवर लेकीला सांगत होती, “लय वाजतात गं दोघी. निकेशला सांगते, येक खिळा आनखी ठोक.”

पलीकडून काय उत्तर आले ते मला ऐकू आले नाही. पण नलूने फोन ठेवला, आमच्याकडे पाहिले आणि म्हणाली, “बरं. वाजू दे.”